तिथी, भरती आणि कंटिन्युटी

चित्रपटाचे किंवा मालिकेचे एखादे दृश्य पडद्यावर अखंड वाटत असले, तरी प्रत्यक्षात ते अनेक तुकड्यांत, निरनिराळ्या वेळी आणि बहुधा उलटसुलट क्रमाने चित्रित झालेले असते. कॅमेरा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंतच्या तुकड्याला शॉट म्हणतात, आणि शेजारशेजारच्या शॉटांमधील कपडे, वस्तू, हालचाली, प्रकाश व पार्श्वभूमी एकमेकांशी जुळती राखण्याच्या कामाला चित्रीकरणाच्या ठिकाणी सगळे जण कंटिन्युटी असेच म्हणतात. ही जुळणी सुटली, म्हणजे पहिल्या शॉटमध्ये अर्धा असलेला चहाचा कप दुसऱ्यात काठोकाठ भरलेला दिसला किंवा उजव्या खांद्यावरची पिशवी डाव्या खांद्यावर गेली, की संकलनाच्या टेबलावरून ‘जंप येतोय’ असा शेरा मिळतो. मोठ्या निर्मितीत या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमला जातो. मराठी मालिकांत मात्र ते बहुतेक वेळा सर्वांत कनिष्ठ साहाय्यक दिग्दर्शकाकडे, क्लॅपची पाटी धरणे, कलाकारांना मेकअप रूममधून बोलावून आणणे अशा इतर कामांच्या जोडीला येते, आणि त्याच्याजवळ साधने असतात ती एक वही, मोबाइलमधील छायाचित्रे आणि स्वतःची स्मरणशक्ती एवढीच.

बंद खोलीत किंवा स्टुडिओत हे काम चिकाटीचे असले तरी आवाक्यातले असते, कारण चौकटीतील प्रत्येक वस्तू कोणीतरी ठेवलेली असते आणि म्हणून ती पुन्हा तशीच ठेवता येते. मालवणच्या दक्षिणेला, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला समुद्राला समांतर वाहत देवबागच्या संगमाकडे जाणारी कर्ली नदी, यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या तारकर्लीत मात्र चौकटीतील निम्म्याहून अधिक गोष्टी कोणीच ठेवलेल्या नसतात आणि त्या कोणाचे ऐकतही नाहीत. प्रस्तुत लेखकाचा या किनाऱ्याशी संबंध याच वहीच्या निमित्ताने आला, आणि त्या कामातून बनलेले मत असे, की प्रेक्षक ज्या चुका हौसेने हेरतात त्या बहुधा किरकोळ असतात, तर ज्या चुकांमुळे दृश्य मुळातूनच खोटे ठरते त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांखेरीज कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

या मताचा सगळा आधार पाण्यात आहे. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते; ओहोटीला मालवणी माणूस सुकती म्हणतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असल्यामुळे आजच्या वेळेपेक्षा उद्याची भरती साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. उधाणाच्या वेळी या भागात पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, आणि उभ्या मापात किरकोळ वाटणारा हा फरक मंद उताराच्या वाळूवर इतका आडवा पसरतो, की सकाळी कॅमेऱ्याचा स्टँड ज्या कोरड्या जागी रोवला ती जागा दुपारपर्यंत पाण्याखाली गेलेली असते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. चित्रीकरणात दुसऱ्या दिवशीच्या वेळा आणि दृश्यांचा तपशील देणाऱ्या कागदाला कॉलशीट म्हणतात; तारकर्लीत त्या कॉलशीटच्या शेजारी भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ उघडून बसणे हे कंटिन्युटी सांभाळणाऱ्याचे रात्रीचे पहिले काम होऊन बसते. (१९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, हा योगायोग युनिटमधील मुंबईकरांना सहसा ठाऊक नसतो.)

या हिशेबातून निघणारी गोष्ट पटकथाकारांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. उधाणाची भरती या किनाऱ्यावर नेहमी मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, कारण ती अमावास्या-पौर्णिमेशी बांधलेली आहे आणि त्या तिथींच्या भरतीची वेळ ठरलेली आहे. त्यामुळे पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य मावळत असताना पाणी जवळजवळ तळाला गेलेले असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला, म्हणजे तारकर्लीत समुद्राकडे पाठ केली असता कर्लीच्या पलीकडे, उगवतो आणि समुद्रावर यायला त्याला पहाट उजाडावी लागते. असे असताना मराठी-हिंदी पडद्यावरील कोकणात तिन्हीसांजेला समुद्रावर पूर्ण चंद्र तरंगतो, नायिकेच्या घोट्यांपर्यंत भरतीचे पाणी येते आणि संवादात ती रात्र कोजागरीची असल्याचे सांगितले जाते. एका दृश्यात निसर्गाच्या वेळापत्रकाचे इतके भंग असूनही चुका वेचणाऱ्या प्रेक्षकांच्या यादीत ते सहसा सापडत नाहीत. त्याच दृश्यात नायिकेच्या हातातील बांगड्यांची संख्या बदललेली मात्र शंभर जणांनी टिपलेली असते.

सूर्याची गोष्ट याहून सोपी आणि म्हणूनच अधिक खटकणारी आहे. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत नाही. तरीही ‘समुद्रावरची पहाट’ पटकथेत वारंवार येते आणि ती मिळवण्यासाठी सूर्यास्ताचे चित्रण उलटे फिरवण्याची युक्ती अजूनही योजली जाते. उलट्या चित्रणात सूर्य वर येतो खरा, पण किनाऱ्यावर फुटलेल्या लाटाही वाळूवरून गोळा होत समुद्राकडे परत चालू लागतात. त्यापलीकडे ऋतूंचा फरक आहे: डिसेंबर आणि जून यांमध्ये तारकर्लीच्या क्षितिजावरील सूर्यास्ताची जागा सुमारे पन्नास अंशांनी सरकते, त्यामुळे हिवाळ्यात सुरू केलेले दृश्य मे महिन्यात पूर्ण करायचे ठरले, तर सूर्य चौकटीच्या बाहेर गेलेला असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्या दिवसांत दुपारी घेतलेला शॉट सावलीच्या लांबीवर भिस्त ठेवून अन्य महिन्यांतील शॉटला सहसा जोडता येत नाही.

वारा हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित घटक होय. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दिवस तापल्यावर समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा हे शाळेच्या भूगोलात सगळेच शिकलेले असतात, परंतु त्याचा अर्थ नायिकेचा पदर सकाळी एका दिशेला आणि जेवणानंतर नेमका उलट्या दिशेला उडणार असा होतो, हे किनाऱ्यावर पहिल्यांदा काम करणाऱ्याला सहसा सुचत नाही. एका मालिकेच्या चित्रीकरणात समुद्राकडे पाठ करून बोलणाऱ्या दोन व्यक्तींचे दृश्य होते. नायिकेचे क्लोजअप, म्हणजे चेहरा चौकट भरून दाखवणारे शॉट, सकाळी झाले आणि नायक मुंबईहून उशिरा पोहोचल्यामुळे त्याचे क्लोजअप दुपारी घ्यावे लागले. वहीत कपडे, केस, घड्याळ, चपला यांची नोंद चोख होती. तरीही नायिकेमागे रुंद ओली वाळू आणि नायकामागे जवळ आलेले पाणी, तिच्या बटा समुद्राकडे आणि त्याचा शर्ट जमिनीकडे, अशी दोन वेगळ्या दिवसांची वाटावीत इतकी भिन्न चित्रे तयार झाली. अशा वेळी पार्श्वभूमी फिरवून घेण्याला ‘चीट करणे’ म्हणतात: नायकाला प्रत्यक्षातील जागेवरून हलवून सुरूच्या बनाकडे पाठ करून उभे करण्यात आले, चौकट आणखी घट्ट केली गेली आणि वारा अडवण्यासाठी दोन माणसांनी काळा कपडा धरला. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे काम आटोपून बसलेल्या एका वयस्क मच्छीमाराने तो सगळा खटाटोप पाहून विचारले होते, ‘‘ही दोगां एकाच वक्ताक बोलतत मां? मगे एकाच्या मागचा पाणी भरतेचा आणि दुसऱ्याच्या मागचा सुकतेचा कशाक?’’ कंटिन्युटीची व्याख्या एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी केली असेल.

त्या दृश्याचा राहिलेला एक शॉट पुढे पॅच म्हणून, म्हणजे नंतर स्वतंत्रपणे चित्रित करून मूळ दृश्यात जोडण्याचा तुकडा म्हणून, घ्यायचा ठरला, तेव्हा तारीख निर्मिती व्यवस्थापकाच्या सोयीने न ठरता पाण्याच्या सोयीने ठरली. उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरा दिवस जातात आणि त्या अंतराने घड्याळातील त्याच वेळी पाणी जवळपास त्याच जागी परत येते. म्हणून किनाऱ्यावर पॅच घ्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी घाईने घेण्यापेक्षा पंधरवडा थांबणे शहाणपणाचे ठरते. वाळूचे तसे नाही. निर्मनुष्य किनाऱ्याच्या दृश्यात पहिल्या टेकलाच, म्हणजे शॉटच्या पहिल्या प्रयत्नातच, पावले उमटतात आणि दुसऱ्या टेकसाठी एकतर फावड्याने वाळू सारखी करावी लागते किंवा सगळे सामान वीस पावले पुढे हलवावे लागते.

चुकांची प्रतवारी लावण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ या पुस्तकात केला. दोन शॉट कोठे जोडावेत हे ठरवण्यासाठी त्यांनी सहा कसोट्या सांगितल्या आणि प्रत्येकीला वजन दिले: भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कोठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट प्रतलातील मांडणीला ५ आणि प्रत्यक्ष अवकाशातील सातत्याला अवघे ४. कंटिन्युटीची वही वाहणाऱ्याला हे शेवटचे चार टक्के प्रथम अपमानास्पद वाटतात, परंतु संकलनाच्या खोलीत बसल्यावर मर्च यांचे म्हणणे पटते. अभिनयाचा उत्तम टेक हातातील रुमाल बदलल्यामुळे टाकून देणारा संकलक विरळा आणि तो बहुधा चुकीचा असतो. मात्र भरती, चंद्र आणि ऋतू यांना याच चार टक्क्यांत ढकलणे योग्य नाही. होडी लोटायची की नाही, बाजारात मासळी येणार की नाही, घरधनी रात्री परतणार की नाही, हे ज्या गावात पाण्यावर ठरते, त्या गावाच्या गोष्टीत पाणी चुकले तर तो अवकाशाचा दोष न राहता कथेचा दोष बनतो, म्हणजे मर्च यांच्याच तक्त्यात तो तेवीस टक्क्यांच्या रकान्यात जाऊन बसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम पुन्हा रंगतो. मुसळधार पावसाच्या दृश्याला लागून मोठ्या सुरमयांचा गजबजलेला लिलाव दाखवणारी मालिका कलाकारांच्या कपड्यांची कंटिन्युटी कितीही सांभाळो, तिने गावाचे वर्ष उधळून लावलेले असते. याउलट पावसाशी इमान राखण्याचे उदाहरणही मराठी मुलुखातूनच मिळते: राही अनिल बर्वे यांच्या २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’साठी अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रीकरण केले गेले, आणि त्यातील ओल प्रेक्षकाला जाणवते ती त्यामुळेच.

दुसऱ्या जातीची चूक म्हणजे कालविपर्यास, ज्यात कथेच्या काळात अस्तित्वात नसलेली वस्तू दृश्यात शिरते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या मे २०१९ मधील एका भागात टेबलावर राहिलेला कॉफीचा पेला जगभर गाजला आणि दोनच दिवसांत तो चित्रातून संगणकाने पुसून टाकण्यात आला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’ची कथा १८९३ मधील; त्या काळी इंग्लंडमध्ये षटक पाच चेंडूंचे होते आणि सहा चेंडूंचे षटक तेथे १९०० मध्ये आले, तरी चित्रपटातील षटके सहाच चेंडूंची आहेत. ती तशी ठेवणे योग्यच होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण २००१ चा प्रेक्षक शेवटच्या षटकाचे चेंडू बोटांवर मोजत होता आणि पाचव्या चेंडूनंतर षटक संपल्याचे सांगितले असते तर रंगाचा भंग झाला असता. ‘शोले’तील वीज नसलेल्या रामगढातील पाण्याची टाकी कशाने भरत होती, हा प्रश्नही याच वर्गातला, पण वीरू तिच्यावर चढला की तो विचारण्याची कोणाला इच्छा राहत नाही.

मालवणच्या परिसरात ऐतिहासिक चित्रीकरण करताना मात्र कालविपर्यास अशा सुट्या वस्तूत नसतो, तो जमिनीतूनच उगवलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. त्या प्रसंगासाठी तारकर्लीचा किनारा निवडला, तर मागे दिसणारी सुरूची गर्द रांग हीच पहिली चूक ठरते, कारण ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे हे झाड या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात आले, आणि कारवारला त्याची लागवड १८६८ च्या सुमारास झाली. तिच्यामागे डोकावणारे घर मंगलोरी कौलांचे असेल तर ती दुसरी चूक, कारण त्या कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला आणि त्यापूर्वीची घरे नळीच्या कौलांची किंवा गवता-झावळ्यांची होती. प्रत्यक्ष किल्ल्यात गेले तरी सुटका नाही. तेथील शिवराजेश्वराचे मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले असल्यामुळे शिवकालीन दृश्याच्या चौकटीबाहेर ते ठेवावे लागते. माडांची झाडे तेवढी निर्धास्तपणे दाखवता येतात. गंमत अशी, की सुरूचे बन काढून टाकलेला किनारा प्रेक्षकाला कोकणातला वाटत नाही आणि दिग्दर्शक ते झाड हट्टाने मागून घेतो; शंभर-दीडशे वर्षांत परके झाड कोकणाची ओळख बनले आणि त्यामुळे चूक हेच अस्सलपणाचे लक्षण होऊन बसले.

किनाऱ्याला अलीकडची तारीखही चिकटलेली असते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाआधीच्या आणि नंतरच्या चित्रणात झाडांच्या रांगा जुळत नाहीत. मालवणच्या राजकोट येथील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या तारकर्लीतील सोहळ्याच्या दिवशी, झाले. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. या तीन वर्षांत मालवणच्या किनाऱ्यावर घेतलेले लांबचे शॉट एकमेकांत मिसळले, तर एकाच कथेत पुतळा उभा राहील, नाहीसा होईल आणि वेगळ्या आकारात परत येईल.

मालिकांच्या बाबतीत प्रश्न आणखी लांबतो, कारण तेथे सातत्य शॉटांमध्येच नव्हे, वर्षांमध्येही राखायचे असते. सावंतवाडीजवळच्या आकेरीतील वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली, २०१९ मधील दुसरे पर्व त्यापूर्वीचा काळ घेऊन आले आणि २०२१ मध्ये तिसरे पर्व निघाले; म्हणजे वाडा प्रत्यक्षात जुना होत असताना कथेत तो तरुण व्हायला हवा होता. तिसऱ्या पर्वात शेवंता हे पात्र साकारणारी अभिनेत्री मध्येच बदलली, आणि चहाच्या कपावरून हसणाऱ्या प्रेक्षकांनी हा सर्वांत मोठा ‘जंप’ थोड्या कुरकुरीनंतर स्वीकारला, कारण पात्राचा तोरा आणि भाषा टिकून होती. भाषेचे सातत्य हा खरे तर स्वतंत्र विषय आहे. एका प्रसंगात ‘माका’, ‘तुका’ म्हणणारे पात्र पुढच्याच प्रसंगात ‘मला’, ‘तुला’ म्हणू लागले, तर सिंधुदुर्गातील घराघरांत ते तत्काळ पकडले जाते, पण वहीत त्यासाठी रकानाच नसतो.

या सर्व अनुभवावरून तारकर्ली-मालवणात चित्रीकरणासाठी येणाऱ्या निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना एवढीच विनंती करता येईल, की पटकथा कायम होण्यापूर्वी ती रापणीवर आयुष्य काढलेल्या गाबीत समाजातील एखाद्या मच्छीमाराला आणि मासळी बाजारात बसणाऱ्या एखाद्या बाईला वाचून दाखवावी, त्यांनी सांगितलेल्या तिथी, वारे आणि हंगाम कॉलशीटवर लिहून घ्यावेत, या कामाचे मानधन त्यांना द्यावे, आणि श्रेयनामावलीत कंटिन्युटीच्या ओळीत त्यांची नावेही छापावीत.